एका दशांशाचा विपर्यास

परदेशी विद्यापीठांत शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीची जी परीक्षा घेतली जाते ती निरुपयोगी आहे, पुढील अभ्यासातील यशाशी तिचा काडीचाही संबंध नाही, आणि म्हणून ती सरसकट रद्द करावी, असे म्हणणारा एक पक्ष अलीकडे आपल्या सुशिक्षित समाजात बराच बळावला आहे; आणि या पक्षाच्या हाती एक आकडा लागलेला असल्यामुळे, एरवी जे केवळ गाऱ्हाणे ठरले असते त्याला शास्त्रीय सिद्धांताची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. तो आकडा बनावट नाही, हे प्रथमच मान्य करतो. आज ‘आयेल्ट्स’ या नावाने घरोघरी ठाऊक झालेल्या परीक्षेची पूर्वज अशी जी परीक्षा ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांनी 1980 साली सुरू केली, तिची छाननी एडिंबरोच्या क्लाइव्ह क्रायपर व ॲलन डेव्हीस या दोघा भाषाशास्त्रज्ञांनी केली, आणि 1988 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात परीक्षेतील गुण व विद्यापीठातील कामगिरी यांमधील सहसंबंध सुमारे 0.3 इतकाच भरला. या संख्येचा वर्ग केला की नऊ शतांश उरतात. म्हणजे विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांच्या कामगिरीत जी तफावत दिसते तिचा जेमतेम दहावा हिस्सा भाषेच्या खाती जमा होतो. पुढे 2000 साली मेलबर्नमधील आर. एम. आय. टी. या संस्थेत केर्स्टजेन्स आणि नेरी यांनी पहिल्या सत्राचे गुण तपासले, तेव्हा हा हिस्सा 8.4 टक्के निघाला. एवढ्यावरून आमचे प्रतिपक्षी असे अनुमान काढतात की, उरलेले नऊ दशांश यश ज्या अर्थी भाषेवाचून मिळते, त्या अर्थी भाषेची परीक्षा घेणे हा विद्यार्थ्यांवर निव्वळ जुलूम आहे. आकडा खरा आणि अनुमान खोटे, अशी ही अवस्था आहे; आणि खोट्या आकड्यापेक्षा ती अधिक घातक, कारण खोटा आकडा कोणीतरी एक दिवस उघडकीस आणतो.

ज्या विद्यार्थ्यांच्या गुणांवरून हा सहसंबंध काढला, ते विद्यार्थी कोण होते, हा प्रश्न प्रतिपक्षाने स्वतःला विचारलेलाच दिसत नाही. ते प्रवेश मिळालेले विद्यार्थी होते. ज्यांना किमान बँड, म्हणजे आयेल्ट्समधील गुणश्रेणी, मिळाला नाही आणि म्हणून ज्यांचे अर्ज नामंजूर झाले, त्यांचे पहिल्या सत्राचे गुण कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरी सापडावयाचे नाहीत, कारण ते वर्गात बसलेच नाहीत. तेव्हा एकीकडे चार-साडेचार बँडचे आणि दुसरीकडे आठ-साडेआठचे अशी सर्व तऱ्हेची मंडळी एका वर्गात बसवून हा हिशेब केलेला नसून, बहुतांशी किमान बँडच्या वरील अरुंद पट्ट्यात मावणाऱ्यांचाच तो हिशेब आहे. एस. टी.च्या चालकाची नेमणूक करण्यापूर्वी त्याचे डोळे तपासतात. आता नेमणूक झालेल्या चालकांची दृष्टी आणि त्यांच्या हातून घडलेले अपघात यांची तुलना करून, दोहोंत फारसा संबंध नाही, सबब डोळ्यांची तपासणी व्यर्थ आहे, असे कोणी सिद्ध करून दाखविले, तर त्या गृहस्थाने तपासणीवाचून नेमलेल्या चालकाच्या गाडीत बसून खंबाटकीचा घाट उतरण्यास माझी तयारी नाही.

शिवाय प्रवेश-समित्यांची एक रीत लक्षात घेतली पाहिजे. ज्याचे इंग्रजी काठावरचे आहे त्याला त्या केवळ दयेपोटी आत घेत नाहीत. त्याचे गणित उत्तम असते, किंवा पदवीचे गुण अव्वल असतात, किंवा शिफारसपत्रे वजनदार असतात. उलट ज्याचे इंग्रजी सफाईदार, त्याची बाकीची बाजू थोडी लंगडी असली तरी खपून जाते. परिणामी वर्गात पहिला आपल्या बुद्धीच्या बळावर दुसऱ्याच्या बरोबरीने गुण मिळवितो, आणि संशोधक मात्र वहीत नोंद करतो की इंग्रजीने काही फरक पडला नाही. इतक्या अडचणींतून वाट काढूनही भाषेचा हिस्सा एक दशांश शिल्लक उरतो, हेच वास्तविक आश्चर्य मानले पाहिजे. विद्यार्थ्याचे पूर्वशिक्षण, घरून येणारा पैसा, एकलेपणा, प्रकृती, शिकविणाऱ्याचा वकूब, आठवड्यास वीस तास उपाहारगृहात किंवा गोदामात करावे लागणारे काम (ब्रिटनमध्ये सत्र चालू असता कायद्याने तितकीच मुभा आहे) या सर्वांनी मिळून ज्याचे यशापयश ठरते, त्या माणसाच्या बाबतीत केवळ दोन-तीन तासांत आटोपणाऱ्या एका परीक्षेने एक दशांश सांगावे, ही गोष्ट क्षुल्लक म्हणणाऱ्याने आपल्याकडील कोणत्याही प्रवेशपरीक्षेला हीच कसोटी लावून पाहावी.

आणि ज्याला ‘यश’ म्हणावयाचे, ते तरी किती भरवशाचे आहे? सहसंबंधाला दोन टोके असतात; त्यांपैकी परीक्षेच्या टोकावर सारे तुटून पडतात, गुणपत्रिकेचे टोक मात्र निर्दोष म्हणून गृहीत धरतात. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाचे बॉब बिरेल यांनी 2006 साली एक गोष्ट उजेडात आणली. त्या देशातील विद्यापीठांतून रीतसर पदव्या घेऊन कायम वास्तव्याचा परवाना मिळविणाऱ्या परदेशी पदवीधरांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना आयेल्ट्समध्ये सहा बँडचीही मजल गाठता आली नव्हती. दोन-तीन वर्षे इंग्रजी वातावरणात राहिले की भाषा आपोआप येते, ही जी समजूत आपल्याकडील पालक उराशी बाळगून असतात, तिचा यात निकाल लागतोच. परंतु त्याहून गंभीर गोष्ट ही की, भाषा न येताही पदवी मिळते. ज्या ठिकाणी पाच जणांच्या गटाने मिळून प्रकल्प सादर करावयाचा आणि त्यातील ज्याला बरे लिहिता येते त्याने सर्वांचे लिहावयाचे, ज्या ठिकाणी वर्गातील निम्मी मुले नापास केली तर पुढील वर्षी शुल्क कोठून वसूल व्हावयाचे ही चिंता परीक्षकाच्या मागे उभी असते, त्या ठिकाणच्या गुणपत्रिकेशी भाषेच्या परीक्षेचे जमले नाही, तर दोष कोणाचा? न्यू साउथ वेल्स राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने 2015 च्या एप्रिलमध्ये विद्यापीठांविषयी जो अहवाल दिला, त्यात हाच धागा आहे: विद्यार्थ्यांची कुवत आणि अभ्यासक्रमाची अपेक्षा यांत अंतर पडते, परदेशी शुल्कावर विद्यापीठांचा खजिना अवलंबून असतो, आणि या दोहोंच्या ताणातून लबाडीला वाट मिळते. मोजपट्टी सैल केली की माप जुळेनासे होते.

याचा अर्थ आज चालू असलेली परीक्षा निर्दोष आहे असा कोणी घेऊ नये. तिच्याविषयी माझ्याही तक्रारी आहेत, आणि त्या प्रतिपक्षाच्या तक्रारींहून अधिक नेमक्या आहेत असे मला वाटते. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चार अंगांचे बँड निरनिराळे देऊन शेवटी त्यांची सरासरी काढतात, आणि ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेऊन बसवितात. ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात, बोलण्यात सहा आणि लिहिण्यात साडेपाच मिळविणारा विद्यार्थी साडेसहाचा ठरतो; आणि चारही अंगांत समसमान साडेसहा मिळविणाराही साडेसहाचाच. यांतील पहिल्याला व्याख्यान समजेल, पुस्तकही समजेल, पण जो निबंध त्याला लिहावा लागेल तो त्याच्याच्याने लिहिला जाणार नाही, आणि विद्यापीठात गुण तर बहुधा लिहिण्यालाच असतात. बरीच विद्यापीठे प्रत्येक अंगाची किमान मर्यादा स्वतंत्रपणे मुक्रर करतात हे खरे. परंतु ती एकंदर बँडपेक्षा अर्ध्याने किंवा एकाने खाली ठेवण्याची उदारता त्यांच्यापाशी असतेच. दुसरे असे की, आयेल्ट्सच्या लेखनात तासाभरात दोन मजकूर लिहावयाचे, एक दीडशे शब्दांचा आणि एक अडीचशेचा, आणि दुसऱ्यात दिलेल्या विषयावर स्वतःचे मत मांडावयाचे. विद्यापीठातील लेखन याच्या अगदी उलट असते: तेथे दहा जणांनी काय म्हटले आहे ते वाचून, तोलून, त्यांच्या वाक्यांना आपल्या वाक्यांत सामावून घेऊन दोन-तीन हजार शब्द लिहावयाचे असतात, आणि स्वतःचे मत विचारलेच तर शेवटी. टिम मूर आणि जॅन मॉर्टन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी ही विसंगती तपशीलवार दाखविली आहे. अमेरिकेच्या टोफेलने 2005 पासून उतारा वाचून, व्याख्यान ऐकून मग लिहिण्याची पद्धत आणली, ती या दृष्टीने अधिक समंजस होती. पण तीच परीक्षा 2023 साली दोन तासांच्या आत बसविण्यात आली, कारण बाजारात तिच्याहून आखूड आणि स्वस्त प्रतिस्पर्धी उभे राहिले होते.

तथापि जे परीक्षेवर दोष ठेवतात त्यांनी परीक्षकांचा स्वतःचा तक्ता एकदा डोळ्यांखालून घालावा. आयेल्ट्सच्या चालकांनी विद्यापीठांसाठी जी मार्गदर्शक पत्रके काढली, त्यांत वैद्यक, कायदा, भाषाशास्त्र, वृत्तपत्रविद्या यांसारख्या भाषाप्रधान अभ्यासक्रमांस साडेसात बँड पुरेसा, सात बहुधा पुरेसा, आणि साडेसहा असेल तर आणखी इंग्रजी शिकणे अवश्य, असे स्वच्छ लिहिले होते. शुद्ध गणित, शेतकी, तंत्रविद्या अशांसाठी देखील साडेसहा म्हणजे ‘बहुधा पुरेसा’ आणि सहा म्हणजे अपुरा. हा सल्ला धाब्यावर बसवून साडेसहावर, क्वचित सहावरही, व्यवस्थापन आणि माध्यमविद्येच्या वर्गांत शेकडो मुले भरून घेतली कोणी? परीक्षा घेणाऱ्यांनी नव्हे. ताप किती आहे ते सांगणाऱ्याचे न ऐकता उपचार ठरविले गेले, आणि आता रोगी बरा होत नाही म्हणून तापमापक फेकून देण्याची सूचना पुढे आली आहे.

आता आपल्याकडील एका खास युक्तिवादाकडे वळतो, कारण या प्रकरणात महाराष्ट्राचा संबंध येतो तो येथे. आमची मुले बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकली, पदवीही त्यांनी इंग्रजीतूनच घेतली, मग त्यांच्याकडे पुन्हा इंग्रजीचा पुरावा मागणे हा अपमान नव्हे काय, असे विचारले जाते. आणि ब्रिटनमधील कित्येक विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीतील गुण पाहून, किंवा महाविद्यालयाने दिलेला ‘शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते’ असा दाखला पाहून, परीक्षेतून सूट देतातही. हा दाखला म्हणजे काय चीज आहे हे ज्याने आपली महाविद्यालये आतून पाहिली आहेत त्याला सांगणे नलगे. फळ्यावर सूत्र इंग्रजीत उतरते. त्याचे विवरण पुण्यात आणि कोल्हापुरात मराठीत, नागपुरात हिंदीमिश्रित मराठीत होते, आणि यात मला गैर काही वाटत नाही, उलट त्यामुळेच पोरांना विषय समजतो. गैर आहे ते पुढचे. परीक्षेच्या आधी आठवडाभर बाजारातील एखादी गाईड पाठ करावयाची, तिच्यातील उत्तर कागदावर जसेच्या तसे उतरावयाचे, आणि जितके ते मुळाबरहुकूम तितके गुण अधिक, अशा शिस्तीत चार वर्षे वाढलेल्या मुलाने स्वतःचा विचार स्वतःच्या वाक्यांत सलग तीन पाने मांडण्याचा प्रसंग इंग्रजीत तर नाहीच, मराठीतही क्वचितच अनुभवलेला असतो. असा मुलगा लीड्सला किंवा मेलबर्नला जातो. पहिल्याच सत्रात त्याला तीन हजार शब्दांचा निबंध सादर करावयाचा असतो. तो आपल्या नित्याच्या प्रामाणिकपणाने पुस्तकातील परिच्छेद उतरून काढतो, कारण त्याच्या समजुतीने अभ्यास म्हणजे हेच. आणि संगणक त्याच्या निबंधातील चोरीचे प्रमाण काढून देतो, त्यावर त्याची चौकशी बसते. जो दाखला त्याच्या महाविद्यालयाने हसतमुखाने दिला, त्याने त्याला एका परीक्षेतून सोडविले आणि एका चौकशीत अडकविले. लेखनाची कठोर परीक्षा आधीच झाली असती, तर पुण्यातच त्याला समजले असते की आपल्याला काय येत नाही, आणि ते शिकण्याची मुदतही हाताशी असती.

याच संदर्भात आपल्या थोर पुरुषांची व स्त्रियांची नावे पुढे केली जातात, हे मला विशेष खटकते. आनंदीबाई जोशी 1883 साली पेनसिल्व्हेनियाला गेल्या, बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबियाला गेले. त्यांची कोठे टोफेल झाली होती, असा सवाल केला जातो. टोफेल 1964 साली प्रथम घेतली गेली, हे उत्तर देऊन मोकळे होता येईल, परंतु ते पळपुटेपणाचे होईल. बाबासाहेब मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते, आणि ज्या विद्यापीठाची मॅट्रिक इंग्रजीच्याच खडकावर असंख्य उमेदवारांची तारवे फोडीत असे, त्याची पदवी हीच इंग्रजीची अशी परीक्षा होती की तिच्यापुढे आजची आयेल्ट्स हा पोरखेळ वाटावा. आनंदीबाई मॅट्रिक नव्हत्या. पण निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात, आपण अमेरिकेस का जातो याची कैफियत त्यांनी भरसभेत इंग्रजीतून दिली होती. ज्यांनी ती ऐकली त्यांना त्यांच्या बँडची चौकशी करण्याचे कारण पडले नसावे. आणि जे गेले, भाषेपायी खचले आणि नाव न मिळविता परत आले, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, म्हणून ते झालेच नाहीत असे मानावयाचे काय?

परीक्षेच्या शुल्काचा मुद्दा खरा आहे, आणि तो लवकर आटोपतो. सतरा हजारांहून अधिक रुपये आणि दोन वर्षांत कालबाह्य होणारा निकाल हे मध्यम स्थितीतील कुटुंबास जड जाते. पण ज्या वर्षासाठी तेच कुटुंब घर तारण ठेवून वीस-पंचवीस लाखांचे कर्ज काढते, ते वर्ष वाया जाणार की नाही याची आगाऊ सूचना देणाऱ्या परीक्षेवरच काटकसर करणे हा हिशेब मला उमगलेला नाही. अधिक विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. आयेल्ट्सच्या मालकांपैकी आय. डी. पी. ही संस्था विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळवून देण्याचा व्यवसायही करते, आणि 2021 साली तिने ब्रिटिश कौन्सिलचा भारतातील आयेल्ट्सचा व्यवहार तेरा कोटी पौंडांस विकत घेतला. परीक्षक आणि दलाल एकाच छपराखाली नांदावेत, ही व्यवस्था कोणत्याही न्यायबुद्धीच्या माणसास अस्वस्थ करील. प्रतिपक्षाने येथे हरकत घेतली असती, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण ते येथे गप्प असतात, आणि का गप्प असतात हे पाहण्यासारखे आहे. परीक्षा नको, असे सांगणाऱ्यांत सहृदय शिक्षक आहेत, अभिमानी देशभक्त आहेत; परंतु सर्वांत मोठ्या आवाजात बोलतो तो ‘विना आयेल्ट्स परदेशी शिक्षण’ असा फलक दुकानावर लावणारा एजंट. त्याला दर विद्यार्थ्यामागे विद्यापीठाकडून दलाली मिळते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने 2019 साली एका कार्यक्रमात दाखविले की, पैशाच्या गरजेपोटी काही विद्यापीठे स्वतःच ठरविलेली इंग्रजीची अट शिथिल करून परदेशी मुलांस प्रवेश देत होती, आणि त्यांत भारतीय मुले पुष्कळ होती. सहृदयतेचा युक्तिवाद आणि गल्ल्याचा युक्तिवाद शब्दशः एकच असतील, तर सहृदय माणसाने आपले शब्द पुन्हा तपासावेत. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने 2024 च्या मार्चमध्ये विद्यार्थी-परवान्यासाठी लागणारा बँड साडेपाचावरून सहावर नेला; त्यामागे परदेशी लोकांची संख्या आवरण्याचा राजकीय हेतू होता, हे उघड आहे, पण हेतू मलिन म्हणून अट चुकीची ठरत नाही.

राहता राहिली लबाडीची गोष्ट. ब्रिटनमध्ये टोईक नावाच्या परीक्षेत उमेदवाराऐवजी तोतया बसवीत असल्याचे बी. बी. सी.ने 2014 साली चित्रीकरणासह दाखविले, आणि गृहखात्याने हजारो विद्यार्थ्यांचे परवाने रद्द केले. पुढे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी 2019 साली जी माहिती प्रसिद्ध केली तिच्यानुसार, 2011 ते 2014 या काळातील परीक्षांपैकी 58 टक्के अवैध आणि 39 टक्के संशयास्पद ठरविण्यात आल्या होत्या. म्हणजे शंभरात तीन उमेदवार सोडून बाकी साऱ्यांवर किटाळ. अशा आकड्यावर विश्वास ठेवून, पुरावा न दाखविता, दाद मागण्याची धड संधी न देता माणसांना देशाबाहेर काढणे हा अन्याय होता, आणि त्यात आपली मुलेही भरडली गेली. परंतु हा अन्याय परीक्षेने केला नाही. खाजगी केंद्रांवर देखरेख न ठेवता परीक्षेचा मक्ता देणाऱ्यांनी, आणि मग आपली निष्काळजी झाकण्यासाठी सर्वांना एकाच फासात ओढणाऱ्या सरकारी अंमलदारांनी तो केला. खोटी खरेदीखते होतात म्हणून नोंदणी कचेरी बंद करावी, अशी मागणी अद्याप कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाने या बाबतीत जी तजवीज केली आहे तिच्याकडे आपल्या पालकांचे आणि प्रतिपक्षाचेही लक्ष वेधावेसे वाटते. तेथे प्रवेश मिळाल्यानंतर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यासह, भाषेची एक निदानात्मक चाचणी होते. तिच्यावरून कोणाला घालविले जात नाही, तिचे गुण पदवीत धरले जात नाहीत. ज्याला लिहिता येत नाही त्याला ते सांगून कोठे, कोणाकडे, काय शिकावयाचे याचा सल्ला दिला जातो. यासाठी शिक्षक लागतात आणि पैसा लागतो, असे उत्तर इतर विद्यापीठांकडून येईल. परदेशी विद्यार्थ्याकडून ती स्थानिक विद्यार्थ्याच्या कित्येक पट शुल्क घेतात. तेव्हा प्रवेशपत्रात शुल्काची रक्कम आणि ती भरण्याची मुदत ज्या ठळक अक्षरांत छापली जाते, त्याच अक्षरांत, काठावरच्या बँडवर घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्या सत्रात लेखनाचे किती तास, कोणत्या शिक्षकाकडून, वेगळे शुल्क न आकारता मिळतील, हे छापावयास त्यांना भाग पाडावे, आणि ते तास न दिल्यास शुल्क परत मागण्याचा हक्क विद्यार्थ्यास असावा. परीक्षा रद्द करा म्हणून अर्जांवर सह्या गोळा करणाऱ्यांनी हा मसुदा घेऊन त्या विद्यापीठांच्या दारी जावे. माझी सही त्यावर पहिली मिळेल.